शंखजिऱ्याचा ओटा

चेस्टर गावाबाहेरच्या दगडांच्या वखारीत
लूशियन गोदेनं पाच तुकडे मांडले
आणि म्हणाला, घरी ने. छळ त्यांना.

छळले.
लिंबू पिळून ठेवलं रात्रभर,
आमसुलं भिजत घातली, हळद थापली,
पळीभर उकळती फोडणी ओतली, मोहरीसकट.
सकाळी संगमरवरावर आमसुलाचा चट्टा,
बोट फिरवलं तर खरखरीत.
ग्रॅनाइट लग्नातल्या फोटोसारखा चकचकीत,
त्याच्याशी बोलावं काय तेच सुचेना.
चौथा, राखाडी, हिरवट शिरांचा,
ओल्या फडक्यानं पुसला
आणि रात्री काही घडलंच नव्हतं.

फक्त नख ओढलं तेव्हा
थोडासा नखात आला.
"मऊ आहे," लूशियन म्हणाला, "खोटं कशाला बोलू?
सुरी उमटेल, पातेल्याचं बूड उमटेल.
ओरखडे मोजणारी माणसं असाल
तर क्वार्ट्झ घ्या, सुखी राहा."
मग लादीवर पाणी शिंपडून दाखवलं:
तेल दिल्यावर असा दिसतो.
पावशेर काळोख पसरला दगडावर
आणि वाळून परत गेला.

यशोधनला क्वार्ट्झच हवा होता.
मी बोटांवरची पांढरी भुकटी बघत होते.
ही मला माहीत होती.
कुपवाडच्या शेडमध्ये, आप्पांच्या खाकी खिशात,
पेनाच्या जागी, शंखजिऱ्याची कांडी.
पत्र्यावर रेघ मारायची, मग गॅसकटर.
खडू जळून जातो,
ही रेघ ज्योतीतही दिसत राहते.
हे कारण यशोधनला सांगितलं नाही.
"गरम कढई थेट ठेवता येते," एवढंच म्हटलं.

ऑक्टोबरात ओटा बसला.
फार्मसीतून मिनरल ऑइलच्या चार बाटल्या आणल्या,
इथे ते बद्धकोष्ठावर विकतात.
गल्ल्यावरच्या बाईनं ज्या मायेनं माझ्याकडे पाहिलं,
तेवढ्या मायेनं या गावात अजून कुणी पाहिलेलं नाही.
दर रविवारी जुन्या बनियनचा बोळा,
चोळायचं, अर्धा तास थांबायचं, पुसायचं.
नळापाशी रंग आधी उडतो,
शेगडीपाशी आपोआप गडद होत जातो,
तिथे ओटा माझ्याशिवायच माझा स्वयंपाक शिकला.
जानेवारीत बिडाचा तवा निसटला.
कडेला खोच.
ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस,
आणि घाई न करणारा हात.
खोच गेली नाही, तिला उतार मिळाला.

मेमध्ये आप्पा आले.
बूट न काढताच स्वयंपाकघरात उभे.
"याचा ओटा?"
खोकला येईपर्यंत हसले.
"अगं, लोखंडावर मारायची वस्तू!"
सिंकसाठी कापलेला तुकडा तळघरात पडून होता,
हॅकसॉनं त्यातून एक कांडी काढली,
खिशात टाकली, आणि मग त्यांना
घरी असल्यासारखं वाटू लागलं.
फ्रिजवरच्या फळीचं माप घेतलं
आणि कागद शोधायचा कंटाळा म्हणून
ओट्यावरच लिहिलं, कोपऱ्यात:
३१॥, एक सूत कमी.

फळी बसली. ऑगस्टात आप्पा गेले,
कांडी विमानात चालते का, हा वाद घालत.

त्यानंतरच्या रविवारी
बोळा आकड्याच्या कडेला लागला,
आणि लागताक्षणी "कमी"तली वेलांटी दिसेनाशी झाली.
तेल पडलं की दगडावरची दगडाची रेघ
दगडात परत जाते.
हे लूशियननं सांगितलं नव्हतं.

आता वीतभर जागा कोरडी ठेवते.
व्हिडिओ कॉलवर आप्पा डोळे बारीक करतात,
"त्या कोपऱ्याला तेल नाही लावलंस? पांढरा पडलाय."
"विसरले," मी म्हणते,
आणि टोस्टर
सूतभर डावीकडे सरकवते.